समुत्थानव्यय : दुखापतीचा दावा आणि त्याचा खर्च

वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री डिचोली महालातील शिरगावी श्रीलईराई देवीची जात्रा भरते. गोमंतकाच्या सर्व महालांतून, तसेच सावंतवाडी व दोडामार्ग या बाजूंनी, व्रतस्थ धोंड हाती वेत घेऊन येतात, तळीवर स्नान करतात आणि उत्तररात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांतून चालत जाऊन व्रताची सांगता करतात. २०२५ साली याच जात्रेत, २ व ३ मे यांमधील रात्री, गर्दीचा लोट आवरेनासा होऊन चेंगराचेंगरी झाली. सहा भाविक प्राणास मुकले आणि सत्तरांवर माणसे जखमी झाली. राज्य शासनाने प्रत्येक मृताच्या कुटुंबास १० लाख रुपये जाहीर केले; पंतप्रधानांच्या राष्ट्रीय साहाय्य निधीतून मृतामागे २ लाख व जखमीमागे ५० हजार रुपये जाहीर झाले.

या रकमांना शासकीय भाषेत 'सानुग्रह साहाय्य' म्हणतात. शब्द नेमका आहे. अनुग्रह हा करणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो; त्याची याचना करता येते, त्याचा दावा लावता येत नाही. मग ज्याचा पाय मोडला, ज्याची महिनोन्महिने मजुरी बुडाली, त्याला अनुग्रहाखेरीज काही हक्क आहे काय? असल्यास तो कोणाविरुद्ध, कोणत्या न्यायालयात, किती मुदतीत आणि किती खर्चाने मिळवावयाचा? शिरगावच्या दुर्घटनेत दोष कोणाचा, याची चर्चा प्रस्तुत लेखात करावयाची नाही. आम्हांस पाहावयाचे आहे ते एवढेच की, दुखापत झालेल्या माणसाचा हक्क या भूमीवर नांदलेल्या राजवटींनी कसा मानला आणि तो मागण्याचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला.

आपल्या धर्मशास्त्रात या हक्काला स्वतंत्र नाव आहे. समुत्थान म्हणजे पडलेल्याने पुन्हा उठून उभे राहणे. त्यासाठी लागणारा जो खर्च, तो समुत्थानव्यय. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात, दंडपारुष्य म्हणजे शारीरिक इजा या प्रकरणात, हा शब्द आला आहे. कोणी कोणाच्या अंगास इजा केली, जखम केली, रक्त काढले, तर त्याने राजाला दंड द्यावाच, पण जखमी माणसाच्या उपचाराचा खर्चही द्यावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. दंड राजाचा, व्यय पीडिताचा. या दोन गोष्टी इतक्या स्वच्छपणे वेगळ्या केलेल्या आढळतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कारण पुढे पुष्कळ राजवटींत दंड तेवढा उरला आणि व्यय विसरला गेला. कात्यायन याच्याही पुढे जातो. जखम भरून येईपर्यंत खर्च द्यावा, आणि अवयव वा इंद्रिय निकामी झाल्यास पीडिताचे समाधान होईल असे काही वर द्यावे, असे त्याचे मत आहे. वेदना व अपंगत्व यांबद्दल आजची न्यायालये जी वेगळी रक्कम धरतात, तिचे बीज येथे दिसते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी हे प्रकरण अवश्य चाळावे. काणे स्वतः कोकणचे आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली केलेले, त्यामुळे त्यांच्या विवेचनाला व्यवहाराची धार आहे.

हे ग्रंथ आपल्या प्रदेशाला परके होते असेही नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाने लिहिली, आणि त्या विक्रमादित्याची कन्या मैलालदेवी ही गोव्याच्या कदंबनृपती जयकेशीची राणी. त्याच स्मृतीवर उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याने आपली टीका रचली. कोकणच्या राजसभांना हे शास्त्र घरचे होते.

मनूच्या त्याच अध्यायात गाडीच्या अपघाताचा विचार आहे आणि तो वाचताना आजच्या वाहन कायद्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, कणा किंवा चाक मोडले, गाडी आडवी किंवा उलटी झाली, दोर वा लगाम तुटला, किंवा 'बाजूस व्हा' असे हाकणाऱ्याने ओरडून सांगितले, अशा दहा प्रसंगी दंड नाही. परंतु हाकणाऱ्याच्या अकौशल्याने गाडी भरकटून कोणास इजा झाली, तर दंड गाडीच्या मालकाला, आणि तो दोनशे पणांचा. हाकणारा कुशल असूनही चुकला, तर दंड हाकणाऱ्याला. अडाणी माणसाच्या हाती दोर दिला म्हणून आत बसलेल्यांनाही शंभर-शंभर पण! मालकाने अकुशल सारथी नेमला हाच त्याचा दोष, ही कल्पना इंग्रजी न्यायशास्त्राने आपल्याला शिकविली असे आपण समजत आलो. याज्ञवल्क्य तर शिंगांच्या व सुळ्यांच्या जनावरांबद्दलही बोलतो. सोडविणे शक्य असता मालकाने माणसाला सोडविले नाही, तर तो दंडास पात्र. आणि पीडिताने आक्रोश केला असता तसे केले, तर दंड दुप्पट.

मात्र या प्रकरणाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दंडपारुष्यातील शिक्षा वर्णाप्रमाणे बदलत. खालच्या वर्णाच्या माणसाने वरच्यावर हात उगारला तर हात तोडावा इथपर्यंत मनूची मजल गेली आहे. समुत्थानव्ययाचे तत्त्व उदात्त खरे. ते ज्या समाजात वावरले तो समतेचा नव्हता.

आता खर्चाकडे वळू. ऋणाच्या दाव्यात हरलेल्या ऋणकोने राजाला शेकडा दहा आणि जिंकलेल्या धनकोने शेकडा पाच द्यावे, असा याज्ञवल्क्याचा नियम आहे. म्हणजे न्यायाचा खर्च दोघांवर, हरणाऱ्यावर अधिक, आणि तो निकालानंतर. हीच रीत मराठी मुलखात शतकानुशतके वेगळ्या नावाने चालू राहिली. डॉ. विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात तिचे साधार वर्णन केले आहे. हेच गुणे पुढे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले. गोतसभेपुढे किंवा मजालसीपुढे निवाडा झाला की जिंकणाऱ्याने आनंदाची म्हणून 'हरकी' भरावयाची आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. डिचोली आणि पेडणे हे महाल त्या काळी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. या पद्धतीत दोष होतेच. हरकीची रक्कम ऐपत पाहून ठरे आणि ऐपत कोण पाहणार यावर पुष्कळ काही अवलंबून असे. पण एक सोय होती. दाराशीच पैसे मोजल्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही, असा प्रकार नव्हता. आणि निवाडा आपल्या बोलीत, आपल्या ओळखीच्या माणसांपुढे होई.

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हे महाल नव्या काबिजादीत मोडू लागले. पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. देवधर्म व चालीरीती यांना हात लावणार नाही, असे अभय नव्या काबिजादींतील लोकांना मिळाले होते, आणि १८८० च्या १६ डिसेंबरच्या हुकुमाने हिंदूंच्या कौटुंबिक रूढींना कायद्यात जागा मिळाली. परंतु रूढींचे हे संरक्षण मुख्यत्वे विवाह, वारसा व कुटुंब यांपुरते. शेजाऱ्याच्या हातून हाड मोडले तर काय, याचे उत्तर १८७० च्या १ जुलैपासून सर्वांना एकाच ग्रंथात शोधावे लागे. तो ग्रंथ म्हणजे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, जिचा मसुदा सेआब्रा यांनी तयार केला.

गोव्याचा कुटुंबकायदा या संहितेतून आला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. तिच्यात नुकसानभरपाईचेही सविस्तर प्रकरण होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले. दुसऱ्याच्या हक्काचा भंग करणाऱ्याने त्यापासून झालेले सर्व नुकसान भरून द्यावे, असा सरळ नियम तिच्या २३६१ व्या कलमात आहे. मनुष्यवध झाल्यास उपचाराचा व अंत्यविधीचा खर्च आणि विधवेला, तिला गरज असेल व ती पुनर्विवाह करीत नाही तोवर, पोटगी द्यावी, असे पुढे सांगितले आहे. भरपाई मागण्याचा हक्क वारसांकडे जातो, हेही तिने स्पष्ट केले. याउलट, तेरेखोलच्या खाडीपलीकडे वेंगुर्ल्यास ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा होता. इंग्रजी परंपरेत शरीराच्या इजेचा दावा त्या शरीराबरोबरच मरत असे. म्हणून १८५५ साली प्राणघातक अपघातांचा वेगळा कायदा करून पत्नी, पती, आईबाप व मुले यांच्यासाठी वाट काढावी लागली. कागदावर पाहता पेडण्याची विधवा वेंगुर्ल्याच्या विधवेपेक्षा अधिक सुरक्षित होती.

कागदावर, असे म्हणण्याचे कारण आहे. संहिता पोर्तुगीज भाषेत, न्यायालय पोर्तुगीज भाषेत, अर्ज 'पापेल सेलाद' म्हणजे शिक्क्याच्या कागदावर. न्यायालयीन खर्चाची अनामत आधी भरावयाची. अखेरीस तो खर्च हरणाऱ्यावर पडे हे खरे, पण अखेर येईपर्यंत तो दावा लावणाऱ्याच्या कनवटीचा. ज्याला मराठी मोडी वाचता येत होती, त्यालाही आपल्याच फिर्यादीत काय लिहिले आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. हरकी आणि गुन्हेगारी निकालानंतर भरावयाची होती. शिक्क्याचा कागद मात्र निकालाची वाट पाहत नव्हता, आणि नव्या काबिजादींतल्या कुळाच्या दृष्टीने सारा फरक एवढ्यातच होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जुने कायदे ताबडतोब गेले नाहीत. १९६२ च्या प्रशासन कायद्याने ते बदलेपर्यंत चालू ठेवले. दिवाणी व्यवहाराची भारतीय संहिता १९६५ च्या कायद्याने येऊन १५ जून १९६६ पासून लागू झाली. मुदतीचा घोळ तर त्यानंतरही पस्तीस वर्षे मिटला नाही. पोर्तुगीज संहितेत साधारण देण्याघेण्याच्या दाव्याला वीस वा तीस वर्षांची मुदत, आणि १९६३ च्या भारतीय मुदत कायद्यात बहुधा तीन वर्षांची. गोव्यात कोणती खरी? १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने बार्रेतो खटल्यात पोर्तुगीज मुदत हा स्थानिक कायदा म्हणून टिकतो, असे म्हटले. २००१ साली सिंडिकेट बँकेच्या खटल्यात ते मत उलटवून भारतीय मुदतच लागू ठरविली. दोन निकालांमधील बावीस वर्षांत 'अजून पुष्कळ वेळ आहे' असे समजून जे स्वस्थ बसले, त्यांची काय स्थिती झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

भारतीय कायद्याबरोबर स्टँपही आला. नुकसानभरपाईच्या साध्या दाव्यात न्यायालयाचे शुल्क मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात आणि ते आरंभीच. मोठी इजा, मोठी मागणी, मोठा स्टँप! ज्याची कमाई बंद पडली आहे, त्यालाच सर्वांत अधिक आगाऊ भरावे लागते, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येण्यासारखी आहे. निर्धन वादीला शुल्कावाचून दावा लावता येतो, अशी तरतूद संहितेच्या तेहतिसाव्या आदेशात आहे; पण निर्धनता सिद्ध करणे हाच एक लहानसा खटला होऊन बसतो. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व आपल्याकडेही आहे. व्यवहारात मिळणारी रक्कम इतकी किरकोळ असते की, खरा व वाजवी खर्च देवविला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाला २००५ साली बजावावे लागले.

वकिलाच्या फीचाही विचार येथेच केला पाहिजे. इंग्लंडात १९९५ पासून 'दावा जिंकला तरच फी' असा करार दुखापतीच्या दाव्यांत करता येतो. २०१३ पासून वकिलाचे यशाचे जादा शुल्क अशिलाच्या भरपाईतून, ठराविक मर्यादेत, कापले जाते. आपल्या वकील परिषदेच्या नियमांना हे मंजूर नाही. निकालावर अवलंबून फी ठरविणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलाला निषिद्ध आहे. हेतू चांगला आहे. वकील हा अशिलाच्या जखमेचा भागीदार होऊ नये. पण ज्याच्याजवळ आज देण्यास काही नाही, त्याच्यासाठी उघडे असलेले एक दार त्यामुळे बंद राहते. आणि बंद दारामागे तोंडी करार होतच नाहीत, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही.

ही अडचण संसदेच्या ध्यानात आली नाही असे नाही. म्हणूनच तिने काही जखमींसाठी निराळ्या, स्वस्त वाटा काढल्या. पेडण्याच्या स्थानकावर तिकीटधारक उतारू चालत्या गाडीतून पडून दगावला, तर रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वर्षाच्या आत अर्ज करावयाचा आणि २०१७ पासून ही भरपाई ८ लाख रुपये ठरलेली आहे. पात्रादेवीपासून येणाऱ्या हमरस्त्यावर मोटारीने कोणास उडविले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. तेथे दोष सिद्ध न करताही मिळणारी रक्कम १९८२ साली मृत्यूसाठी १५ हजार होती, ती १९८८ च्या कायद्यात २५ हजार, १९९४ साली ५० हजार आणि १ एप्रिल २०२२ पासून ५ लाख झाली; गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. मुदतीची कथा मात्र उलट आहे. १९८८ च्या कायद्यात सहा महिने होती, १९९४ साली ती अजिबात काढून टाकली आणि २०२२ पासून पुन्हा सहा महिन्यांची केली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे. तथापि जखमीच्या घरच्यांनी त्या वादावर विसंबून राहू नये.

गर्दीत तुडविला गेलेल्या माणसासाठी मात्र अशी कोणतीच वाट नाही. जात्रेहून परतताना मोटारीची धडक बसली तर न्यायाधिकरण, विमा, ठरलेली किमान रक्कम. तीच दुखापत देवळाच्या उतरणीवर गर्दीत झाली तर दिवाणी न्यायालय, रकमेच्या प्रमाणात स्टँप, आणि निष्काळजीपणा कोणाचा हे सिद्ध करण्याचा सारा भार फिर्यादीवर. मृत्यू झाला असेल तर १८५५ च्या कायद्याखालील दाव्याला दोन वर्षांची मुदत. हाड तेच, वेदना तीच; पण हक्काची किंमत दुखापत कशाने झाली यावर ठरते.

दुसरा मार्ग उच्च न्यायालयात रिट अर्जाचा. त्याला रकमेच्या प्रमाणात शुल्क नाही, पण त्याचाही अनुभव पाहण्यासारखा आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसे मेली. त्यांच्या आप्तांनी संघटना करून रिट केला. उच्च न्यायालयाने २००३ साली वयाप्रमाणे १८ व १५ लाख रुपये ठरविले; सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ते १० व साडेसात लाखांवर आणले. परवाना देणारे अधिकारी व नगरपालिका यांना भरपाईच्या जबाबदारीतून वगळले. चित्रपटगृहाचे चालक व वीजमंडळ यांच्यावर ती राहिली. चौदा वर्षे लागली, आणि तीही संघटित, सुशिक्षित अशा लोकांना. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे ३०० भाविक चेंगरून व जळून मेले. त्यांत मजूर-शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. चौदा वर्षे खटला चालविण्याचे बळ अशा घरांत कोठून यावे?

उपहारच्या निकालाचा आपल्या देवस्थानांनी विशेष विचार करावयास हवा. परवानगी देणारा सुटला आणि जागा चालविणारा बांधला गेला, हा त्याचा व्यवहारी अर्थ आहे. गोव्यातील देवस्थाने १८८६ च्या आणि पुढे १९३३ च्या माझानीच्या कायद्याने बांधलेली आहेत. महाजनांची संस्था, निवडून आलेली समिती, वर मामलेदार हा प्रशासक, आणि अंदाजपत्रक त्याच्या नजरेखालून जाणारे. जमिनीच्या उत्पन्नावर नित्यपूजा, नैवेद्य, दिवाबत्ती व उत्सव यांची तोंडमिळवणी करणाऱ्या लहान देवस्थानावर उद्या भरपाईचा हुकूम झाला, तर तो भागवावयाचा कशातून? देवीच्या अलंकारांतून? जखमीला हक्क द्यावा आणि देवस्थान बुडवू नये, हे दोन्ही साधण्याचा एक उपाय आज उपलब्ध आहे, तो म्हणजे जात्रेपुरता सार्वजनिक जबाबदारीचा विमा. मुंबईतील किंग्ज सर्कलच्या गौड सारस्वत ब्राह्मण सेवा मंडळाने २०२४ च्या गणेशोत्सवासाठी ४०० कोटींहून अधिक रकमेचा विमा उतरविला होता. त्यात दागिने व स्वयंसेवक यांचा भाग मोठा होता हे खरे, परंतु भाविकांसाठीही तरतूद होती. पेडण्या-डिचोलीच्या देवळांना कोटींच्या गोष्टी करावयास नकोत. अंदाजपत्रकात मांडव, वीज व वाजंत्री यांच्या ओळींखाली विम्याची एक ओळ घातली तरी पुरे, आणि ती मामलेदाराने मान्य करावी यासाठी महाजनांनीच आग्रह धरावा.

जखमीच्या बाजूने सांगावयाचे तर, १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि सामूहिक आपत्तीत सापडलेले लोक यांना विनामूल्य वकील मिळतो व न्यायालयाचे शुल्कही त्यातून भागविता येते. चेंगराचेंगरीत सापडलेल्याला सामूहिक आपत्तीचा बळी म्हणून हा हक्क मागता येईल. पुष्कळांना हे ठाऊक नसते. त्यासाठी रुग्णालयाचे कागद, औषधांच्या पावत्या, बुडालेल्या मजुरीचा पुरावा आणि पोलिसांतील नोंद जपून ठेवावी लागते. समुत्थानव्यय द्यावयाचा तर तो किती झाला हे स्मृतिकारांच्या सभेतही विचारले गेले असते.

आणि एक अडचण सीमेपलीकडच्या धोंडांची. दोडामार्गच्या माणसाला मोटारीने धडक दिली, तर तो राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातच, अर्ज करू शकतो; १९९४ च्या दुरुस्तीने ही सोय दिली आहे. जात्रेच्या गर्दीत जखमी झालेल्याला ती नाही. दिवाणी संहितेप्रमाणे दावा जेथे इजा झाली तेथे किंवा प्रतिवादी राहतो तेथे लावावयाचा. दोडामार्गच्या धोंडाला त्यासाठी सीमा ओलांडून गोव्याच्या न्यायालयात, प्रत्येक तारखेला, आपल्या खर्चाने यावे लागते.